ऑपरेशनची तारीख आणि बाबांची जिलेबी

माझ्यामुळे लग्नाच्या पंगती अडायच्या. आमच्या चिमूरकडच्या गावांत तेव्हा बफे पोचलं नव्हतं. मांडवात रांगेने बसायचं, पत्रावळीवर जेवायचं आणि शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही. हा शेवटचा माणूस कायम मी असायचो. घास गिळला जायचा, छातीपर्यंत जायचा आणि तिथेच बसकण मारायचा. मग मी पाणी प्यायचो, पाठ ताठ करायचो, दोन्ही हात वर करायचो, पुन्हा पाणी. पुढच्या पंगतीची माणसं मांडवाच्या कडेला उपाशी उभी राहून माझ्या गळ्याकडे टक लावून बघायची. एकदा नवरदेवाच्या मामांनी लांबूनच विचारलं, "उतरला का भाऊ?" मी "उतरला" म्हटल्यावर अख्ख्या मांडवाने सुटकेचा श्वास सोडला.

नागपूरच्या डॉक्टरांनी या दुखण्याचं नाव सांगितलं, अकॅलेशिया. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जो स्नायू असतो, तो घास आला की सैल पडायला हवा. माझा पडत नव्हता. बाबा एस.टी.त ड्रायव्हर होते, त्यांच्या लगेच लक्षात आलं. "म्हंजे वडशाचं रेल्वे फाटक," ते म्हणाले. "गाडी गेली तरी उघडत नाई." डॉक्टरांनाही हसू आलं. त्यांनी एकदा फुगा घालून ते फाटक ताणून दिलं. वर्षभर मी माणसासारखा जेवलो, मग पुन्हा जैसे थे. तेव्हा ते म्हणाले की आता ऑपरेशन करून स्नायू कापायला हवा. सोयीने करा, पण फार थांबू नका. अन्न तुंबून नळी फुगत चालली आहे. ती एकदा वेडीवाकडी झाली की कापूनही फारसा उपयोग होणार नाही.

"सोयीने करा" हे त्यांनी आमच्या घराला सांगायला नको होतं. मी गडचिरोलीला शाळेत मास्तर होतो, कमावता होतो, पण ऑपरेशन ही आमच्याकडे लग्नासारखीच घरच्यांनी ठरवायची गोष्ट होती. आणि घर म्हणजे बाबा. उन्हाळ्यात ते म्हणाले, घामाने टाके पिकतात. पावसाळ्यात म्हणाले, ओलीत टाके सुकत नाहीत. दिवाळीनंतर आमच्या शेतातला धान कापायला आला, आणि धानाच्या वेळी घरातला कर्ता माणूस दवाखान्यात बसून कसं चालेल? थंडीत वडशाच्या नाटकमंडळ्या गावोगाव फिरायला लागल्या, तेव्हा तर त्यांनी टाक्यांचं निमित्तसुद्धा काढलं नाही. "नाटकं होऊन जाऊ दे," एवढंच म्हणाले. तोवर लग्नसराई तोंडावर आलेली असायची. इकडे माझी पँट पट्ट्याच्या भरवशावर उभी होती. आडवं झालं की खाल्लेलं वर यायचं, म्हणून मी उशा रचून बसल्या बसल्या झोपायचो.

तरी बाबांवर रागावता येत नव्हतं, कारण पंगतीत ते माझ्या शेजारी बसायचे. सगळ्यांची बोटं पत्रावळीवर वाळून जायची, पण बाबा जेवतच असायचे. मी शेवटचा दिसू नये म्हणून. वाढपी आला की म्हणायचे, "टाक अजून दोन. पोरगा एकटा पडते." नातेवाइकांत त्यांचं कौतुक व्हायचं, बाप असावा तर असा. माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं. अर्थात घास अडकला की ते एरवीही यायचंच.

एका वैशाखात मात्र माझी नजर जरा खाली, त्यांच्या पत्रावळीवर गेली. "टाक अजून दोन" हे फक्त जिलेबीच्या परातीला म्हटलं जात होतं. भाताला नाही, वरणाला नाही, वांग्याच्या भाजीला तर मुळीच नाही. बाबांना चांगलीच शुगर होती. घरी माय त्यांना चहासुद्धा फिका द्यायची, आणि दर जूनमध्ये तपासणी झाली की कपाळाला हात लावायची. "घरी त मी यायले गोडाचा वास बी येऊ देत नाई. हे साखर येते तरी कुठून?" मला माहीत होतं कुठून. मी गप्प बसायचो. माझ्या सोबतीला बाबा होते आणि बाबांच्या सोबतीला जिलेबी होती. हा कारभार मोडायची मला काही घाई नव्हती.

तो मायनेच मोडला. बायकांची पंगत नंतर बसायची, म्हणून तिने बाबांना मांडवात जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. चुलतबहिणीच्या लग्नात वाढायला माणसं कमी पडली, तेव्हा तिने पदर खोचला आणि नेमकी जिलेबीची परात उचलली. मी लांबूनच पाहिलं आणि बाबांना कोपराने ढोसलं. त्यांना वाटलं, माझा घास अडकला. त्यांनी मान वर न करताच माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि पुढ्यात आलेल्या बांगड्यांना म्हणाले, "वाढ बाई, हात आखडू नोको. पोराच्या सोबतीले बसलो आहो."

मायने वाढल्या. एक, दोन, मग मूठभर. "अजून टाकू?" तिने विचारलं. आवाज ओळखून बाबांचा चेहरा असा पडला की माझा अडकलेला घास हसण्याने आपोआप खाली गेला.

घरी आल्यावर माय म्हणाली, "पोराचं अन्न नळीत तुंबून राह्यलं, अन् याईची सोबत चालू हाय. ऑपरेशन याच महिन्यात."

"या महिन्यात कसं होईन?" बाबा म्हणाले. "अजून त दोन लग्नं..." आणि तिथेच थांबले.

आम्ही नागपूरची बस धरली. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असलं की बाबांना चैन पडत नसे, ते बसल्या जागी पायाने ब्रेक दाबत राहायचे. अर्धी वाट सरल्यावर पाय थांबला. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "जिलेबीचं नाई रे. म्हंजे, तेही हाय. पण तुले टेबलावर निजवतीन, अन् तू उठला नाई त मी काय करू? मले लय भेव लागते." बाबांना भीती वाटते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दवाखान्यात ऑपरेशनआधी मला फक्त पातळ पदार्थ होते. पोरगा जेवत नाही तर मी कसा जेवू, म्हणून बाबांनीही डबा उघडला नाही. शुगरची गोळी मात्र नेमाने घेतली. आदल्या दिवशी दुपारी ते माझ्या खाटेशेजारी घामाघूम होऊन खाली घसरले. नर्सने बोट टोचून पाहिलं, साखर पार उतरली होती. तिने त्यांना माझ्याच खाटेवर घातलं आणि ग्लुकोज लावलं. जन्मभर साखर चोरून खाणाऱ्या माणसाला ती नळीतून द्यायची वेळ आली होती. मायला रडावं की भांडावं कळत नव्हतं. मी स्टुलावर बसलो. वॉर्डबॉय येऊन विचारून गेला, यातला पेशंट कोण?

बाबांनी डोळे उघडले तेवढ्यात डॉक्टर आले. मी उठून म्हणालो, "डॉक्टर, यांची तब्येत ही अशी. आपण पुढच्या महिन्यात करू या का?" आवाजात इतकी काळजी होती की मलाही ती खरी वाटली. "पुढच्या महिन्यात" हे शब्द मात्र मी सकाळपासूनच मनात घोकत होतो, बाबा पडण्याच्या कितीतरी आधीपासून.

"यांना काही होत नाही, संध्याकाळपर्यंत उठून बसतील," डॉक्टर म्हणाले. "पण निर्णय तुमचा."

बाबांनी सलाईनच्या हाताने त्यांचा कोट धरला.

"डॉक्टरसाहेब, उद्याच करा. माह्या भेवापायी पोरगा इतकी वर्षं अर्धपोटी राह्यला. मी भेकड आहो, अन् हा बी माह्यावरच गेला. आमचं दोघायचं बी आयकू नका."

मला रडू फुटलं. "उद्याच करा," मी म्हणालो.