आधी तेलिणीचं

कोणी पैशांसाठी घाई केली की ती तराजू खाली ठेवायची, पदर कमरेला खोचायची आणि शांतपणे म्हणायची, "पयले कोणाचं, थे मी ठरवीन."

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. अकोल्याच्या बाजारात मी विड्याची पानं विकायचो आणि शेजारी ही माळीण भाजी घेऊन बसायची. आवाज असा, की तिनं नुसतं 'मेथी' म्हटलं तरी गिऱ्हाइकाला वाटावं, आपलंच काही चुकलं.

नवरा तापानं गेला आणि त्याच्या आजारपणाचं देणं हिच्यावर आलं. सावकाराकडे तिचे हातातले चांदीचे गोट गहाण होते, आईनं लग्नात घातलेले. गाडीवानानं नवऱ्याला भर उन्हात दवाखान्यात आणलं होतं, त्याचं भाडं राहिलं होतं. आणि गल्लीतल्या तेलिणीनं कसलंही तारण न घेता हातउसने पैसे दिले होते.

मी तिला समजावलं, की व्याज सावकाराचंच चढतं, आधी त्याचं मिटव, नाहीतर गोट जातील. तुम्हीही हेच सांगितलं असतं. पण तेलिणीच्या पोरीचं लग्न ठरलं होतं, आणि तेलीण तोंड उघडून काही मागत नव्हती.

एकदा सावकार भर बाजारात येऊन उभा राहिला. आधी माझं, म्हणाला.

"शेटजी, तुमच्यापाशी माहे गोट हायेत," ती म्हणाली. "तेलिणीपाशी काय हाय? माहा शबूद. पयले शबदाचं फेडीन."

"मग गोट मोडतो."

"मोडा."

तेलिणीचं देणं पोरीच्या लग्नाआधी फिटलं. मग गाडीवानाचं. सावकारानं खरंच गोट मोडले, आणि वर निरोप धाडला, की अजून बाकी आहे, कोर्टात खेचीन.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारी आली नाही. तिनं टोपली थेट सावकाराच्या दुकानाच्या पायरीशी मांडली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "शेटजीनं माहे गोट मोडले, तरी बाकी हाय म्हंतेत. वांगे ताजे हायेत, घ्या." माणसं वांगी घ्यायची, पण दुकानाची पायरी चढायला लाजायची. शेवटी सावकारानंच तिला आत बोलावलं आणि तिच्यादेखत कागद फाडला.

जागेवर परतली तेव्हा मी म्हटलं, जिंकलीस. तिनं मोकळ्या मनगटावरून हात फिरवला.

"आईचे होते, भाऊ," एवढंच म्हणाली. मग भाव पाडून मागणाऱ्या एका गिऱ्हाइकाला तिनं असं झापलं, की तो दोन जुड्या जास्त घेऊन गेला.

पुढे ती तेल्हाऱ्याला भावाकडे गेली आणि तिकडेच वारली. खबर आली तो बाजाराचा दिवस होता. भाजीवाल्या बायांनी तिची जागा झाडली, पाणी शिंपडलं. दिवसभर तिथं कोणी बसलं नाही. काळ्या मातीवरचं ते ओलं मात्र उन्हात हळूहळू सुकत गेलं.