पट्टीकाकांची साय

पट्टीकाका जखम आधी नाकाने पाहत. सौंसरच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर मलमपट्टी केली. पट्टी सुटली की बाकीचे नाक दाबत आणि हे खाली वाकून हुंगत! मग डॉक्टरांच्याही आधी सांगत, "ही चिडली हाय." ते आमचे शेजारी. शाळा सुटली की मी त्यांच्या बाकावर जाऊन बसे.

जुन्या जखमेवर चिकट थर धरतो, त्याला ते साय म्हणत. "जंतू सायीखाली लपते. थे काढल्याबिगर औषध म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." कुणी घरची पूड लावून आलं की मात्र भडकत. "माणसाची जखम म्हणजे अजमावाची जागा नाही!"

या सायीपायीच मी नागपूरला संशोधनाला लागले. चांदीचे अतिसूक्ष्म कण करायचे आणि त्यांवर असा लेप चढवायचा की ते सायीत शिरून आतले जंतू मारतील. काका खूश. "म्हणजे तू चांदीले घरफोडी शिकवून राहिली!"

मग काकांच्याच पायाला फोड आला. शुगर होतीच. चप्पल घाला म्हणून साऱ्या गावाला रागावणारा हा माणूस संत्र्यांच्या बागेत अनवाणी फिरला होता. सहा महिने खाटेवर अडकले. पट्टी स्वतःच करत, पण वास घेईनात. जखम चिडली आहे, हे मी तेव्हाच समजले.

"बाई, थे तुहं चांदीचं पाणी आण ना," एकदा हळूच म्हणाले.

बाटली प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये होती. पण माणसावर तिची चाचणी झालेली नव्हती. माझा जीव तुटत होता, तरी मी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं. काका हसले. "माह्याच दोरीनं मले बांधलं का वं?"

पाय कापायचं ठरलं. जखमेतले जंतू माझ्या प्रयोगाला द्यायच्या कागदावर काकांनी आपणहून सही केली. "पाय तं चालला. जंतू तरी तुह्या कामी येऊ दे."

काचेच्या तबकडीत मी त्यांची साय वाढवली आणि वर चांदी सोडली. दुसऱ्या दिवशी जंतू मेलेले होते. तबकडी म्हणजे पाय नव्हे, हे मला कळतं. तरी तिथेच रडले.

भेटायला गेले तर पांघरूण एका बाजूला सपाट होतं. "जंतू मेले का?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

जखमेकडे पाहत तसं त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "मंग बरं केलं, लावलं नाही थे."

यंदा काका गेले. जंतू मेल्याचा तो निकाल माझ्या प्रबंधात छापलेला आहे. काकू प्रबंधाची एक प्रत काकांच्या फोटोपाशी ठेवायला मागतात. दर खेपेला मी नागपूरलाच विसरल्याचं सांगते.