रायवळाच्या खोडातले खिळे

प्रा. शालिनीबाईंची आणि माझी पहिली भेट वर्गातच झाली. मी अंजनवेलहून रत्नागिरीला कॉलेजात नुकता आलो होतो. बाई त्या दिवशी एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कविता शिकवायला घेत होत्या. कवी स्वतःचेच गोडवे गातो आहे हे कळल्यावर मला राहवेना. मी उभा राहून म्हटलं, "बाई, हा माणूस फारच मी मी करतो. आमच्या घरी असं बोललं तर मुस्काटात बसेल." वर्ग हसला. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "खरंय तुझं. पण त्याच्या त्या 'मी'त कोण कोण सामावलंय ते आधी बघ. गवत आहे, समुद्र आहे, वाटेवरचा अनोळखी माणूस आहे. तूसुद्धा असशील." मी खाली बसलो. तेव्हापासून बाईंच्या तासाला मी कधी दांडी मारली नाही.

त्या काळचे ते कवी रानात, तळ्याकाठी जात ते देखावा बघायला नव्हे, तर आपण कोण आहोत हे विचारायला, असं बाई सांगत. निसर्ग ही त्यांच्या लेखी सजावट नव्हती. बरोबरीच्या नात्याने बोलावं असं ते कुणीतरी होतं. पण तिथला बर्फ आणि तिथली झाडं आम्हाला काय कळणार? म्हणून भाद्रपदात बाई आम्हाला गावाबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर नेत. कातळावर तेव्हा गुडघाभर गवत असतं. प्रत्येकाने लांब लांब बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं, एवढाच नियम. एकदा परतताना त्यांनी मला विचारलं, "काय दिसलं?" मी रुबाबात म्हटलं, "निसर्गाचं सौंदर्य." "कुठे आहे? बोट दाखव." मला दाखवता येईना. मग मी खरं ते सांगितलं, की एक मुंगी पात्यावर चढत होती आणि सारखी पडत होती. "हं," बाई म्हणाल्या, "आता कवितेच्या जवळपास आलास."

त्याच वर्षी खोलीवर मी तापाने फणफणलो होतो. बाई डब्यातून पेज आणि लोणचं घेऊन आल्या, मी संपवेपर्यंत बसून राहिल्या. अभ्यासाचा चकार शब्द त्यांनी काढला नाही. बाईंची अशी पेज खाल्लेले माझ्यासारखे किती निघतील.

खरं तर यापुढे बाईंच्या अनुवादांविषयी आणि निवृत्तीनंतरही घरी चालू असलेल्या वाचनाविषयी मी सविस्तर लिहायचं ठरवलं होतं. पण गेल्या आठवड्यात जे घडलं ते वगळून बाईंचा गौरव करायला माझी लेखणी पुढे सरकत नाही.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या सत्कारासाठी आम्ही गौरव समिती केली; हा लेख ज्यात येतो आहे तो गौरवग्रंथही तिचाच. सगळे बाईंचेच विद्यार्थी. उत्साहाच्या भरात शहरभर फ्लेक्स लावले. वर बाईंचा भला मोठा फोटो, त्याखाली 'निसर्गकन्या', आणि सगळ्यात खाली शुभेच्छुक म्हणून आमचे गोल गोल चेहरे. पहिला चेहरा माझा, गॉगल लावलेला. मिरजोळ्याला कारखान्यात जाताना मी रोज तो बघत होतो आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

त्या दिवशी सकाळी चौकात पाहतो तर फ्लेक्सखाली बाई उभ्या. एका हातात बाजाराची पिशवी, दुसऱ्या हातात पक्कड. फ्लेक्स आम्ही रस्त्याकडेच्या रायवळ आंब्याच्या खोडाला खिळे ठोकून लावला होता. खालचे खिळे त्यांनी उपटले होते. साल फाटली होती. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलास. वरच्यांना माझा हात पुरत नाही."

मी पक्कड घेऊन वरचे खिळे ओढले; एक निघेना, तिथे फ्लेक्स फाडला. फ्लेक्स खाली आला आणि माझाच चेहरा माझ्या बुटांवर पडला. शेजारचे दुकानदार बघत होते. "बाई, चुकलं. फ्लेक्स लावणाऱ्या माणसाला सांगितलं होतं, त्याने..." मी सुरुवात केली.

"त्याला कशाला मध्ये घेतोस? तू रोज इथूनच जातोस ना?"

मी फ्लेक्सची गुंडाळी करायला लागलो.

त्या रागावल्या असत्या तर मी सोसलं असतं. पण त्यांनी फाटलेल्या सालीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "इतकी वर्षं मी शिकवलं तरी काय मग? मीच कुठेतरी कमी पडले रे. आता कोणत्या तोंडाने येऊ सत्काराला?" लाज आम्हाला वाटायला हवी होती, ती बाईंना वाटत होती. तिथल्या तिथे धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

त्या रिक्षात बसत होत्या तेव्हा मी विचारलं, "लेख देऊ की नको?" "दे. पण हे गाळू नकोस." म्हणून गाळलेलं नाही. कार्यक्रमाला येते असं त्यांनी म्हटलेलं नाही. ग्रंथ छापायला जातो आहे, तरी त्या येणार की नाही ते आम्हाला ठाऊक नाही.

बाई, तुम्हाला शंभरी लाभो, गुडघे साथ देवोत, सड्यावर जाणं कधी थांबू नये, ही आम्हा सर्वांची मनापासून प्रार्थना. आलात तर मान खाली घालून तुमचं ऐकू. बाकीचे सगळे फ्लेक्स आम्ही आपल्या हातांनी उतरवले. त्या रायवळात मात्र एक खिळा राहिला आहे. तुम्ही गेल्यावर मी काढायला गेलो, तर त्याचं डोकं तुटून हातात आलं. बाकीचा आत आहे.