डाळ न शिजणारी विहीर

अख्तरबानोने आयुष्यात दोनदा बिऱ्हाड हलवलं. पहिल्यांदा धरणगावहून नवापूरला, आगगाडीने. दुसऱ्यांदा नवापूरहून दोन कोस आत, डोंगराकडे, बैलगाडीने. पहिल्या खेपेची हकिगत तिचा नवरा अजीज रंगारी कुणालाही बसवून सांगायचा. दुसरीचं नाव काढलं की तो बिडी पेटवायचा. म्हणून दुसरी मी अख्तरबानोच्या तोंडून घेतली. तीन दुपारी गेल्या. ती बाई काम थांबवून बोलत नाही आणि ऐकणाऱ्यालाही रिकाम्या हाताने बसू देत नाही. हिरडे फोडत फोडत ऐकलं.

कारागिरावर भाषणं देणारे हल्ली पुष्कळ झालेत. मिलच्या कापडाने रंगारी मारला, एवढं बोलून टाळ्या घेतात आणि मिलचंच धोतर सावरत खाली बसतात. मिलने मारलं हे खोटं नाही. पण मार खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करतो, ते यांच्यातल्या एकाला तरी ठाऊक आहे का?

सन पंचवीस-सव्वीसची गोष्ट. धरणगावात अजीज आणि त्याचा थोरला भाऊ शब्बीर एकाच अंगणात लुगडी आणि फडक्या छापायचे. फडकी म्हणजे बाया डोक्यावरून, खांद्यावरून घेतात तो लाल कपडा. त्यांचा लाल पक्का होता. कापड फाटेल, पण रंग हटणार नाही, असा. मिलचा छापील माल आला आणि गिऱ्हाईक पातळ होत गेलं. शब्बीरने ठसे माळ्यावर टाकले आणि तो सरकी काढायच्या कारखान्यात, जीनमध्ये, कामाला लागला. अजीजला ते जमेना. हिरडा आणि धायटीची फुलं, दोन्ही रंगाला लागतात आणि दोन्ही नवापूरकडून पोत्यांनी यायची. तिकडच्या डोंगरातल्या बाया मिलची फडकी हातात घेऊन परत ठेवतात, हेही त्याने व्यापाऱ्यांकडून ऐकलं होतं. मग माल जिथून येतो आणि गिऱ्हाईक जिथे बसलंय, तिथेच का जाऊ नये?

शब्बीर चार शेजाऱ्यांदेखत म्हणाला, "जाय. ओसरी मोकळी ठेवस. होळीलोंग येशीच."

होळीपर्यंत परत याल, हे वाक्य अख्तरबानोने पदराला बांधलं. परत येणं म्हणजे काय ते तिला पक्कं कळत होतं. तिने जन्मभर जावेच्या चुलीपुढे फुंकर मारायची, आणि अजीजने जीनमध्ये कापसाचा बुरा गिळत आपला हात विसरायचा. माणूस भुकेने मरत नाही त्यात, पण अजीज रंगारी मेला असता.

दिवाळीनंतर ते निघाले. तांब्याचा हंडा, गोधड्यांत गुंडाळलेले सागवानी ठसे आणि तीन वर्षांची नईमा. नवापूरला रंगावली नदीच्या काठाला, मुसलमान वस्तीच्या कडेला जागा मिळाली. वाहतं पाणी दारात, मशीद हाकेच्या अंतरावर. अजीज म्हणाला, रंगाऱ्याला याहून काय लागतं?

अख्तरबानोला तर ते पाणी फारच आवडलं. तूरडाळ चुलीवर ठेवली, अंगण झाडून आली, तो डाळ गळून गेलेली. धरणगावात याच डाळीला सोडा टाकावा लागायचा आणि तरीही ती दाताखाली यायची. शेजारणीला ती म्हणाली, बाई, तुमचं पाणी म्हणजे साखर आहे.

त्या साखरेनेच घात केला. पण ते कळायला अडीच महिने गेले.

काम नेहमीसारखंच चाललं होतं. कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं, तुरटीचे ठसे मारायचे, नदीत धुवायचं, मग हंड्यात पक्क्या रंगाची लाल भुकटी आणि धायटीची फुलं घालून उकळायचं. तुरटी जिथे लागली तिथे लाल चढतो. चढलाही. पण कापड वाळलं तेव्हा अजीज त्याच्यापुढे उकिडवा बसून राहिला. लाल नव्हताच तो. भाजलेल्या विटेचा रंग होता. त्याने तुरटी बदलली. हिरडा कमी केला, मग वाढवला. जळण बदललं. शेवटी बायकोवर आला : तूच कापड नीट धुवत नाहीस, तुझं लक्ष पोरीकडे. अख्तरबानोने तिसऱ्या खेपेचं कापड हात सोलवटेपर्यंत आपटलं. पुन्हा वीटच.

तरी शनिवारच्या बाजारात त्याने माल मांडला. चिंचपाड्याच्या बाजूला डोंगराला टेकलेला एक पाडा आहे, तिथली बुधीबाई लाकडाची मोळी विकून आली. धिप्पाड बाई. तिने फडकी उचलली, उन्हात धरली आणि बाजूच्या बायांना दाखवली.

"हाई लाल शे? वाळेल रगत शे हाई."

बाया हसल्या. सात पिढ्यांचा रंगारी, आणि भर बाजारात एक लाकूडवाली त्याची लाज काढते. पण ती खोटं कुठे बोलत होती?

त्यानंतर त्याने ते केलं, ज्याचं नाव काढलं की तो आजही बिडी पेटवतो. नंदुरबारहून कच्च्या रंगाच्या पुड्या आणल्या. पुडी पाण्यात टाकली की लालभडक, डोळे दिपतील असा. डझनभर फडक्या त्यात बुडवल्या.

अख्तरबानोने विचारलं, किती दिवस टिकेल?

दोन धुणी, तो म्हणाला. तोवर होळी होऊन जाईल.

"आनि होळीनंतर आपुन कोठे जासूत?" तिने विचारलं. "त्या बाया तं आठेच ऱ्हातीन."

पुढच्या शनिवारी चार फडक्या गेल्या. त्याच दिवशी शब्बीरचं कार्ड आलं : जीनमध्ये जागा आहे, होळीच्या आत कळव. अजीजने कार्ड वाचून खिशात ठेवलं, फाडलं नाही. न फाडणं म्हणजे काय, हे बायकोला सांगावं लागत नाही.

सोमवारी तो आणखी पुड्या आणायला नंदुरबारला गेला. अख्तरबानोने नईमाला शेजारणीकडे ठेवलं आणि हिरडा थेट आणावा म्हणून एकटीच बुधीबाईच्या पाड्यावर गेली. मला ती म्हणाली, हिरड्याचं निमित्त होतं. ज्या बाईने तोंडावर खरं सांगितलं, तिच्याकडून आणखी काही ऐकायचं होतं.

बुधीबाईने ओळखलं. "ये वो रंगारीण, बैस," म्हणाली, आणि जेवल्याशिवाय जायचं नाही असं बजावलं. चुलीवर तूरडाळ होती. गप्पा झाल्या, हिरडे मोजून झाले, ऊन उतरू लागलं, तरी डाळ शिजेना. बुधीबाई ओशाळली. आमच्या विहिरीचं पाणीच मेलं वाईट, तिने सांगितलं. डाळ शिजत नाही, भांड्याला पांढरं पुट धरतं, प्यायला आम्ही खालच्या नाल्याचं आणतो. आज पाव्हणी आली म्हणून नाल्यावर जायला वेळ झाला नाही, विहिरीचंच टाकलं.

अख्तरबानो उठून चुलीपाशी गेली. डाळीचा दाणा बोटांत दाबला. कडक. अगदी धरणगावचा.

तिने मला हे सांगितलं तेव्हा हिरडा फोडणारा दगड क्षणभर हातात थांबवला. तीन दुपारींत एकदाच. म्हणाली, "पानी नदीनं गोड होतं. रंगले ते गोड पानी नको होतं. आम्हनी सात पिढ्या ज्या पानीले शिव्या दिध्या, तेच पानी रंग आनत होतं."

कुठल्या पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं. धरणगावच्या रंगाऱ्यांना पाण्याचा विचार करायची वेळच आली नव्हती. अंगणातल्या विहिरीचं पाणी ओतायचं, एवढंच त्यांना माहीत. गाव सोडल्यावरच कळतं की आपल्या हुन्नरातला अर्धा भाग आपल्या हातात नव्हताच, तो विहिरीत राहिला.

तिने दोन घागरी पाणी मागितलं. बुधीबाई पोट धरून हसली. डाळ बिघडवणारं पाणी डोक्यावर घेऊन नवापूरला जाणारी बाई तिने पहिल्यांदाच पाहिली होती. पण तिच्या दिराची लाकडाची गाडी निघाली होती, तिच्यावर घागरी ठेवू दिल्या.

आता एक अडचण होती. अजीजच्या घरात हिरड्याचं पाणी बायांनी करायचं, धुणं बायांनी करायचं, पण रंगाच्या हंड्याला बाईचा हात लागायचा नाही. लागला तर रंग रुसतो, अशी समजूत. रंग बाईवर रुसतो आणि तिच्या सोलवटलेल्या हातांवर रुसत नाही, ही अक्कल कुणाची? अख्तरबानोने मंगळवारी सकाळी हंडा चुलीवर चढवला, विहिरीचं पाणी ओतलं, आणि अजीजने ठसे मारून ठेवलेला हातभर तुकडा आत सोडला.

दुपारच्या गाडीने अजीज आला. दारातून त्याला आधी वास आला.

"हंडाले कोनी हात लाया?"

तिने दोरीवर वाळणाऱ्या तुकड्याकडे बोट दाखवलं. लाल अगदी धरणगावचा होता.

तो तुकड्याकडे गेला. अंगठ्याने घासला. थुंकी लावून घासला. उन्हात धरला, सावलीत धरला. मग म्हणाला, आच जास्त झाली, कडा करपल्यात.

"पुढला खेपले तुम्हीच बठा आचपान," ती म्हणाली.

त्याने खिशातल्या पुड्या काढून कोनाड्यात ठेवल्या. पाणी कुठलं, एवढंच विचारलं. उत्तर ऐकून तो अडचणी मोजू लागला. रोज दोन कोसांवरून हंडे भरून पाणी आणता येत नाही, तिथेच राहायला जावं लागेल. तिथे मशीद नाही, आपलं माणूस नाही, मेलो तर खांदा द्यायला कोण? अख्तरबानोने भांडण केलं नाही. जीनमध्ये खांदा देणारे खूप आहेत, एवढं म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली.

बुधवारी दोघं पाड्यावर गेले. पाड्याचा कारभारी रेवजी, म्हातारा, खाटेवर बसला होता. खाटेवर त्याच्या शेजारी एक फडकी होती. फिकी गुलाबी, ठिकठिकाणी ओघळ. त्याच्या सुनेची, शनिवारी अजीजकडून घेतलेली. पहिल्याच धुण्यात रंग उतरला होता आणि तिचं पांढरं लुगडंही घेऊन गेला होता.

यांनी पाण्याचं काही काढायच्या आधीच रेवजीने विचारलं, "हाई काम कोनं शे?"

अजीजला सुटायच्या वाटा होत्या. मालच तसा आला, नंदुरबारच्या दुकानदाराने फसवलं, काहीही सांगता आलं असतं. बाजारात रोज लोक सांगतात. अख्तरबानो मला म्हणाली, तो खोटं बोलला असता तर मीच धरणगावचं तिकीट काढलं असतं.

"मन्हं," अजीज म्हणाला. "मी जानीसनी करं."

जाणूनबुजून केल्याचं कबूल करून त्याने पुढचं सांगितलं. अशा चार फडक्या गेल्या आहेत. चारही जणींना नव्या छापून देतो, या विहिरीच्या पाण्यात, बाकी काही करायच्या आधी. त्या टिकल्या तर जागा द्या. नाही टिकल्या तर हंडा उचलून जातो.

रेवजीने बुधीबाईकडे पाहिलं. या बाबतीत पाड्यावर तिचा शब्द चालत होता.

आठ दिवसांनी चार नव्या फडक्या रंगून आल्या. बुधीबाईने एकीलाही हात लावू दिला नाही. रेवजीच्या सुनेची फडकी तिने घेतली, विहिरीच्या थारोळ्यावर, उपसलेलं पाणी पडतं त्या कुंडापाशी, नेली आणि पाड्यातल्या सगळ्या बायांसमोर दगडावर आपटली. पिळली, पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा तिने फडकीबरोबर आपला पांढरा पदर घासला. अजीज लांब उभा होता, पाठ करून. अख्तरबानो मात्र पाण्याकडे बघत होती. पाणी जसं पडत होतं तसंच वाहत होतं, नितळ, आणि पदर पांढराच राहिला होता.

बुधीबाईने फडकी झटकली. शाबासकी वगैरे दिली नाही. हात कमरेला पुसत म्हणाली,

"जागा दखाडस. पन नालाम्हा रंग सोडाना नई. ढोरे पानी पेतस."

अजीजने मान डोलावली आणि रेवजीकडे कुदळ मागितली. रंगाचं पाणी जिरवायचा खड्डा त्याने त्याच संध्याकाळी खणायला घेतला. होळीनंतर शब्बीरला कार्ड गेलं, ते अख्तरबानोने सांगून लिहून घेतलं : ओसरी वापरायला घ्या.