विहिरीजवळचा पिवळा पट्टा

मी शेतीची पदवीधर आहे हे आमच्या घरात कुणाच्या लक्षात राहत नाही. बहरीनला, माहूजच्या दोन खोल्यांत मी डबे भरते, नवरा सखीरच्या बाजूला बस चालवतो आणि सांगलीकडचं आमचं सोयाबीन धाकटे दीर बघतात. विहिरीजवळच्या पट्ट्यात ते दर साली पिवळं पडायचं. एकदा व्हिडिओ कॉलवर मी त्यांना एक रोप मुळासकट उपटायला लावलं.

"मुळाला गाठी हायत्या की वैनी. गाठी म्हंजे चांगलंच."

चांगल्या गाठी नखानं सहज सुटतात. या सुटेनात, मूळच सुजलेलं होतं. आत सूत्रकृमी, डोळ्यांना न दिसणारे किडे. मी घसा कोरडा करून सांगितलं, उन्हाळ्यात तिथं नुसता ताग पेरा आणि फुलावर यायच्या आत गाडा, तागाच्या मुळांवर त्यांची पिलावळ वाढत नाही. दीर हसले. "एसीत बसून शेती सोपी असती." पुढच्या वर्षीही हसले. त्यानंतरच्या वर्षी नवऱ्यानं फोन घेऊन माझंच बोलणं जसंच्या तसं म्हटलं, तर दीर म्हणाले, "बरं दादा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ताग पेरला गेला, म्हणून गप्प बसले. आता पट्टा पुन्हा पिवळा पडला तर रानाची वरची माती वीटभट्टीला द्यायची, असं दिरांच्या मनात होतं. ती माती गेली की रान संपलंच.

ऑगस्टमध्ये फोन आला. "वैनी, पट्टा परत पिवळा पडला. तुमचा ताग फुकट गेला बघा." चूक कुठं झाली ते मला कळेना. आठवडाभर मी नवऱ्यावर, कुकरवर, दिसेल त्यावर चिडत राहिले.

मग गावाकडचे एक जण रजेवरून परतले, सासूबाईंनी दिलेली पिशवी घेऊन. आत चवळी होती. फोन लावला तर सासूबाई खुशीत.

"ताग काय खायाला येतोय व्हय? हिरीजवळ पाणी हाय, म्हणून तागाच्या मधनं मीच चवळी टोकली. लई आली बघ."

चवळीच्या मुळांवर हे किडे मजेत वाढतात. उन्हाळाभर आम्ही त्यांना पोसलं होतं. आमच्याकडच्या बायका कुठल्याही रानात घरापुरतं कडधान्य टोकतात, माझी आईसुद्धा टोकायची. ते आधीच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी 'नुसता ताग' हे दिरांना सांगितलं, सासूबाईंना कधीच नाही.

"खलास, झालं ते झालं, आता आईला काय बोलू नगंस," नवरा हळूच म्हणाला.

"आवडली का गं?" सासूबाईंनी विचारलं.

माझं कुणी ऐकत नाही म्हणून मी इतकी वर्षं कुढले होते. आता त्या कान देऊन ऐकत होत्या, आणि भट्टीवाल्याला अजून शब्द दिलेला नव्हता.

"आवडली," मी म्हटलं.

दिवाळीनंतर माती नेली. घरात अजून म्हणतात, वैनींच्या तागानं काही झालं नाही. या वेळी मला रागावताही येत नाही.