दहापैकी दहा

चादर पिळायला दोन माणसं लागतात. एकटीनं पिळली तर निम्मं पाणी चादरीत राहतं आणि निम्मं पिळणारीच्या पोटावर येतं. पूर्वी दुसरं टोक यजमान धरायचे. आता आक्का ते टोक नळाला गुंडाळून पीळ घालायची. त्या सकाळी पीळ निम्म्यावर आला होता, तेवढ्यात फोन वाजला. तिनं ओला हात कमरेला पुसला आणि फोन कानाला लावला. पलीकडे गाडीच्या सर्व्हिस सेंटरमधला माणूस होता. तो उन्हातान्हातही टाय लावून बसायचा, म्हणून आक्का घरात त्याला टायवाला म्हणायची.

"मावशी, परवा गाडी नेलीत, कशी चालतेय?"

"तुमच्या फाटकातून निघाली तेव्हा चालत होती बाबा. काल चौकातल्या वळणावर पुन्हा बंद पडली."

"अरे अरे! घेऊन या, परत बघू आपण. पण मावशी, उद्या कंपनीचा फोन येईल. नेहमीसारखे दहापैकी दहा सांगा हं. नऊ दिले तरी वर ते शून्यच धरतात. माझी खुर्ची जाते."

"बरं बाबा," आक्का म्हणाली.

कुणाला नाही म्हणायला तिची जीभच वळायची नाही. शिंप्यानं बाही आखूड केली तरी 'छान झालीय' म्हणून यायची आणि घरी बसून उसवायची. टायवाल्याच्या घरी दोन लेकरं होती, हे त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तेव्हापासून दर खेपेला आक्काचे दहापैकी दहा ठरलेले.

या घरात गाडी चालवायची ती यजमानांनीच, असं लग्नापासून चालत आलं होतं. आक्कानं शेजारी बसायचं, नकाशा घडी करून ठेवायचा आणि वळणावर तोंड मिटायचं. मग यजमानांची डावी बाजू एकाएकी गेली. साठीला टेकलेली आक्का शिकाऊ पाटी लावून रस्त्यावर आली. गल्लीतली पोरं ओरडायची, "आक्का निघाली, मांजरं आत घ्या!" आक्का खिडकीतून म्हणायची, "आधी तुम्ही आत व्हा, मांजरं शहाणी आहेत."

निवृत्तीनंतर यजमानांनी हौसेनं घेतलेली ही नवी गाडी. मात्र तिच्या अंगात काय होतं देव जाणे. इंजिन तापलं आणि हळू वेगात वळण घेतलं की ती मध्येच गप्प व्हायची. सगळे दिवे एकदम लागायचे, स्टिअरिंग दगडासारखं जड व्हायचं. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही! सर्व्हिस सेंटरवाल्यांसमोर ती एकदाही बंद पडली नव्हती. ते कधी पेट्रोलला दोष द्यायचे, कधी पायाखालच्या चटईला, आणि शेवटी आक्काच्या पायाला. दर वेळी गाडी धुऊनपुसून, आत अत्तर मारून परत यायची. रोग पोटात आणि पावडर तोंडाला!

यजमानही त्यांच्याच बाजूचे. "गाडीत नाही, तुझ्या पायात खोट आहे. क्लच असा सोडतात का? अगं, जनावर आहे का ते दचकायला?"

पण त्यांना हाताच्या व्यायामाला न्यायला आक्काशिवाय दुसरं कोण होतं? तिथे जायला लागल्यापासून त्यांची डावी मूठ कपाभोवती जेमतेम वळू लागली होती. भाड्याच्या गाडीचं नाव काढलं की ते बिथरायचे. "अनोळखी माणसानं मला उचलून कोंबायचं? मी काय पोतं आहे?" म्हणजे गाडी गेली की व्यायाम गेला, आणि व्यायाम गेला की ती मूठ पुन्हा उघडी पडणार. हे दोघांनाही ठाऊक होतं.

आणि काल चौकात गाडी बंद पडली तेव्हा मागचा ट्रक इतका जवळ येऊन थांबला, की यजमानांच्या खिडकीत त्याचा दिवाच दिसत होता. संध्याकाळी जावयाचा फोन आला. "आई, पुरे झालं. रविवारी येतो आणि गाडी घेऊन जातो. विकून टाकू." यजमानांनी मान डोलावली. आक्कानं किल्ली पदराला बांधली.

आता चादर तशीच नळाला लोंबकळत राहिली आणि आक्कानं कंपनीच्या मोठ्या ऑफिसला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, मग बराच वेळ बाजा वाजला. शेवटी एक गोड आवाजाची मुलगी आली. आक्कानं पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"मॅडम, आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही पूर्ण समाधानी ग्राहक आहात," मुलगी म्हणाली. "प्रत्येक भेटीनंतर दहापैकी दहा."

"अगं, ते गाडीला नव्हते दिले. त्या माणसासाठी दिले होते!"

"कोणत्या माणसासाठी मॅडम?"

"ते राहू दे. माझी तक्रार तेवढी लिहून घे."

"समाधानी ग्राहकाची तक्रार पुढे जात नाही मॅडम. पण परवाच्या भेटीचे गुण अजून यायचेत. ते कमी आले, तर फाईल आपोआप उघडते."

फोन ठेवला आणि आक्काचं घर तिला पुरेना. स्वयंपाकघरातून गॅलरी, गॅलरीतून पुन्हा ओटा. भाजी चिरायला घेतली तर सुरी हातात आणि नजर खाली उभ्या असलेल्या गाडीवर. मिक्सर बंद झाला तरी दचकली. यजमान म्हणाले, "बस जरा एका जागी. घिरट्या काय घालतेस?" देवासमोर उभी राहिली तर हात जोडलेले आणि कान फोनकडे. देवाला तरी काय सांगायचं? 'त्या माणसाचं वाईट नको करूस, पण माझ्या तोंडून खरं निघू दे,' एवढंच ती पुटपुटली. कुणाचं मन राखायला बोललेलं खोटं पुण्यात जमा होतं, अशी तिची आजवर भाबडी समजूत होती. ते कुठे जमा होतं, हे आता कळलं होतं. कंपनीच्या संगणकात!

दुसऱ्या दिवशी फोन आला. दुसरीच मुलगी होती.

"दहापैकी किती गुण द्याल मॅडम?"

"दोन," आक्का म्हणाली.

"दोन? कशाबद्दल मॅडम?"

"एक गाडी स्वच्छ धुतली म्हणून. एक मला पाणी विचारलं म्हणून."

तासाभरात टायवाल्याचा फोन. "मावशी, हे काय केलंत? मी तुम्हाला घरचं समजत होतो!"

"घरच्यांनाच खरं सांगतात बाबा. दहापैकी दहा परक्यांना देतात."

ज्या दारात महिनोन् महिने कुणी फिरकलं नव्हतं, तिथे शुक्रवारी कंपनीचा इंजिनिअर लॅपटॉप घेऊन हजर झाला, आणि त्याच्यामागे खाली मान घालून टायवाला. गाडीला एक वायर जोडून इंजिनिअर मागे बसला. टायवाला त्याच्या शेजारी. यजमान काठी टेकत आले. "मीही येणार. मला घेतल्याशिवाय ही गाडी बंद पडत नाही."

आक्कानं गाडी काढली. बाजार झाला, पूल झाला, पुन्हा बाजार झाला. गाडी अशी शहाण्यासारखी चालत होती, की आक्काला रडू यायचं बाकी राहिलं. आपला मुलगा घरी धिंगाणा घालतो आणि पाहुण्यांसमोर हाताची घडी घालून बसतो, तशी गत. इंजिनिअर मागून म्हणाला, "मॅडम, तुमचा पाय सारखा क्लचवर असतो का?"

आक्का काही बोलायच्या आत यजमान म्हणाले, "मघापासून मी तिचे पायच बघतोय. पाय बरोबर आहेत."

आक्कानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. समोर चौक आला होता. तिनं वेग कमी केला, वळण घेतलं, आणि सगळे दिवे एकदम लागले.

"पडली! पडली बघा बंद!" लेक परीक्षेत पहिली आल्यासारखी आक्का ओरडली. मागे भोंग्यांचा गोंधळ उडाला. टायवाला उतरला, टाय खांद्यावर टाकला आणि गाडीला ढकलू लागला. इंजिनिअर पडद्यावरचे आकडे खालीवर करून बघत होता. मग म्हणाला, "हं. दोष आहे." इंजिनजवळचा एक भाग तापला की दगा देत होता. तो कंपनीकडून मागवावा लागणार होता. "कधी येईल?" आक्कानं विचारलं. "येईल," तो म्हणाला. गाडी त्यांनी टोचन करून नेली.

घरी आल्यावर यजमानांनी स्वतः जावयाला फोन लावला. "रविवारी या, जेवायला या. गाडी न्यायला यायचं काम नाही. दोष सापडला. आणि चालवणारी शाबूत आहे." फोन ठेवून आक्काला म्हणाले, "पुलाच्या उतारावर मात्र गिअर उशिरा टाकलास." तिनं ते ऐकून घेतलं.

पण जिवाला स्वस्थता कुठली! शनिवारी कागदावर सही करायला ती सर्व्हिस सेंटरला गेली, तेव्हा टायवाल्याच्या टेबलावर दुसरं कुणी होतं. तो फाटकापाशी उन्हात उभा राहून गाड्यांचे नंबर लिहीत होता.

"तुमच्या साहेबांना सांगते मी," आक्का म्हणाली. "तुमची काही चूक नव्हती."

"काही सांगू नका मावशी. तुम्ही सांगितलंत की साहेब उलट विचारतील, मग दहापैकी दोनच का दिलेत?" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. एका गाडीसाठी फाटक उघडायला तो वळला.

तो भाग अजून आला नव्हता आणि मंगळवारी यजमानांचा व्यायाम होता. तोवर चालवायला दुसरी गाडी देणं नियमात बसतं, असं इंजिनिअर जाता जाता पुटपुटला होता. त्यावर पुन्हा कुणीच बोललं नव्हतं. सोमवारी सकाळी यजमानांच्या हातात कप देऊन आक्कानं चपला घातल्या आणि ती बदली गाडी मागायला सर्व्हिस सेंटरकडे निघाली.