अक्कानं मास्क काढला तेव्हा

माझं अक्षर गिचमिड आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली, सांभाळून घ्यावं. अक्काला जाऊन दीड महिना झाला. कुणाशी बोलता येईना, म्हणून वहीत लिहिते आहे.

अक्का माझी थोरली बहीण. वैजापूरकडच्या एका गावात आरोग्य खात्याची आशा ताई होती, तापाच्या साथीत घरोघर फिरायची. या हिवाळ्यात मी तापा-खोकल्यानं पडले, तेव्हा ती एसटीनं शहरात, क्रांती चौकामागच्या माझ्या खोलीवर आली. मी आतूनच म्हणाले, "अक्का, येऊ नको, तुला बी होईल."

"चौथी शिकलीस अन् मला शिकवती व्हय? कडी काढ."

मी काढली. तिनं मास्क लावला, खिडक्या उघडल्या आणि मला लांब बसवून समजावू लागली. विषाणूला पाय नसतात, म्हणाली. रानातलं कुसळ स्टीलच्या तांब्याला चिकटत नाही, साडीला चिकटतं. तसा तो नाकाघशातल्या ठरावीक पेशींनाच धरतो. पेशी त्याला आत घेते आणि आपलं काम सोडून त्याच्यासारखेच नवे विषाणू घडवत बसते. ते बाहेर पडून शेजारच्या पेशी धरतात.

"पण आत घेतीच कशाला?" मी विचारलं.

"तिला काय ठाव, सुमे? बाहेरचं आत घेऊनच ती जगती."

दोन दिवस माझ्या पोटात अन्न नव्हतं. एकटीला घास उतरेना... अक्कानं ते पाहिलं, मास्क काढला आणि माझ्यासमोर जेवायला बसली.

पुढं चार दिवसांनी तिला ताप आला. दमा तिला जुनाच. न्यूमोनिया झाला, दवाखान्यात ऑक्सिजन लावला, पण ती गेली. डॉक्टर म्हणाले, लागण कुणाकडून झाली ते सांगता येत नाही. त्या आठवड्यात ती कितीतरी आजारी घरांत गेली होती. मला मात्र डोळे मिटले की तिचा उघडा चेहराच दिसायचा.

परवा तिची लेक रेखा आली. तिला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "माझ्यासाठी तुझ्या आईनं मास्क काढला. मला बोल, काय बोलायचं ते."

रेखा म्हणाली, "मला ठाव हाय, मावशी. आईनं त्याच दिवशी फोन केला होता. मी लई रागावले तिच्यावर."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, रागव नंतर. आज सुमीनं दीड भाकर खाल्ली."